उजवा गाल

११ डिसेंबर २०२४
दुपारी नागपूरहून घरी. मौद्याजवळ हिला मळमळले, गाडी बाजूला घेतली. धानाच्या ट्रॅक्टरांची रांग. जवाहरनगरला पोचेपर्यंत चार वाजले.
लकवा. उजवा हात, उजवा पाय, चेहऱ्याची उजवी बाजू. बोलणे बंद. समजते सगळे.
डिस्चार्जचा कागद पुन्हा वाचला. मीठ किती, गोळ्या कधी, चालवायचे कसे. तोंडाबद्दल एक ओळ नाही.

१२ डिसेंबर
भिंतीवर तक्ता लावला. वेळ, काम, सही. फॅक्टरीतली सवय. थोरली लेक हसली. नंतर तिनेही सही केली.
रात्री तोंड पुसताना उजव्या गालातून भात निघाला. सकाळचा. आंबूस वास. हिला पत्ताच नव्हता.

१३ डिसेंबर
वॉर्डातल्या वयस्क सिस्टरला फोन केला. निघताना तिनेच नंबर दिला होता.
"काका, त्या बाजूला त्यांना काही कळत नाही. जीभही तिकडे पोचत नाही. जेवण झाले की गाल तपासायचाच. बोट घालू नका, चावतील. ब्रशच्या दांडीला ओले गॉज गुंडाळा. बॅटरी लावून पहा."
मेडिकलमधून गॉज, लहान मुलांचा मऊ ब्रश. बॅटरीत नवे सेल.

१४ डिसेंबर
इतक्या वर्षांच्या संसारात हिच्या तोंडात पहिल्यांदाच डोकावलो. वर पुढे चार दातांची कवळी, ती माहीत होती. खाली उजवीकडची मागची दाढ हलते, हे माहीत नव्हते. हिरड्या फुगून दातांवर चढलेल्या. दातांच्या मुळाशी काळे.
हिने डोळे मिटून घेतले होते. दुखत नव्हते. लाज वाटत होती.

१६ डिसेंबर
तक्त्याखाली दुसरा कागद.
सकाळी, दोन्ही जेवणांनंतर, झोपताना.
खुर्चीत ताठ बसवणे. हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकायची नाही.
आधी बॅटरी. पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही.
कवळी बाहेर.
पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी. फेस कमी करणारी.
उजवीकडून सुरुवात.
चूळ नाही. पाणी श्वासनळीत जाते. ओल्या गॉजने पुसून घेणे.
जीभ शेवटी.
अर्धा तास आडवे करायचे नाही.
थोरलीने वाचले. म्हणाली, "बाबा, हे तर तुमच्या नायट्रोग्लिसरीन सेक्शनसारखं झालं."
आधी पाहणे, मग हात. तिथेही तेच होते.

१७ डिसेंबर
हिचा डावा हात सारखा देवळीकडे. पाणी? नको. कुंकू? नको. डबी.
गुडाखू.
दिली नाही.

१८ डिसेंबर
जेवली नाही. दूध घेतले, तेही चमच्याने.

१९ डिसेंबर
शेजारीण आली. "भाऊजी, बोटाएवढी लावू द्या नं. चाळीस वर्साची सवय हाय तिची. त्याबिगर तिले सकाळ झाल्यासारखी वाटत नाही."
गुडाखू म्हणजे तंबाखू अन् गुळाचा लगदा. दात घासायचे नाव, काम नशेचे. रक्तवाहिन्या आकसतात, बी.पी. चढते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले होते. तिला कोणी सांगितले नाही. आज मी समोर बसून सांगितले. तिने तोंड फिरवले.
डबी उकिरड्यावर टाकली. खिडकीतून पाहत होती.
संध्याकाळी ठाणा पेट्रोलपंपापर्यंत फेरी. खर्रा, तंबाखू-सुपारीचा, घोटून घेतला. लगेच परत.

२२ डिसेंबर
ब्रशला रक्त. घाबरलो.
सिस्टर म्हणाली, "म्हणून घासणे सोडू नका. घाण राहिली की हिरडी आणखी सुजते, आणखी रक्त येते. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, थोडे येणारच. गॉजने दहा मिनिटे दाबून धरा. तरी थांबले नाही तर दवाखाना. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, काका. दातासाठी गोळी बंद करतात अन् दुसरा झटका घेऊन येतात लोक."
सातव्या मिनिटाला थांबले.

२३ डिसेंबर
धुके. शेकोटीपाशी खुर्ची नेली. हिने डावा हात शेकला, मग डाव्याने उजवा उचलून शेकला.

२६ डिसेंबर
भंडाऱ्याहून स्पीच थेरपीची मुलगी. थोरलीपेक्षाही लहान. हिला जीभ बाहेर काढायला लावली. उजवीकडे वळली. गाल फुगवायला लावले. हवा उजव्या कोपऱ्यातून निघून गेली. हिला हसू आले, मलाही.
गिळण्याचे तिनेच शिकवले. चमचा लहान. हनुवटी खाली. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. नुसत्या पाण्याने ठसका लागतो, पेजेने लागत नाही. पाणी पातळ म्हणून सोपे वाटते, तेच सगळ्यात अवघड.
पेज करायला मी शिकलो. चिन्नोर तांदळाच्या कणीची.

२९ डिसेंबर
भेद्र्याची, म्हणजे टोमॅटोची, चटणी मला झोंबली. हल्ली झोंबते. शेजारणीला म्हटले, मिरची बदलली का. नाही म्हणे.

१ जानेवारी २०२५
पुण्याहून मुलाचा फोन. हिने कानाला लावून ऐकला. शेवटी "अं" म्हणाली. तो तिकडे रडला बहुतेक.

३ जानेवारी
काल मी भंडाऱ्याला गेलो होतो, बँकेचे काम. कामाच्या बाईने आडवेच भरवले. तक्ता रिकामा.
आज रात्री ताप. छातीत घरघर.

४ जानेवारी
एक्स-रे. उजव्या फुप्फुसात खाली डाग. न्युमोनिया. ॲडमिट नको म्हणाले, इंजेक्शने घरी. सिस्टर येऊन देणार.

५ जानेवारी
ताप १०२. रात्रभर डोके उंच ठेवून बसवली. पाठ दुखते म्हणून तिने माझा हात ढकलला. ढकलण्यात जोर होता.

७ जानेवारी
ताप उतरला.
थेरपीची मुलगी आली. तोंडाचा अन् छातीचा काय संबंध, विचारले. म्हणाली, तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात. आपण झोपेत थोडी लाळ श्वासनळीत घेतो, पण आपल्याला खोकला येतो, ती बाहेर पडते. लकवा झालेल्याला कधी कधी खोकलाच येत नाही. तोंड घाण असेल तर ती घाण सरळ छातीत.
जपानातले सांगितले. तिथल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे पाहिले. निम्म्यांचे तोंड जेवणानंतर नेमाने घासून दिले, बाकीच्यांचे नेहमीसारखे. नेहमीच्यांत शंभरातल्या १९ जणांना न्युमोनिया, घासलेल्यांत ११ जणांना. १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आले.
ब्रश अन् माणूस. 
आकडे तक्त्याखाली लिहून ठेवले. बाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मले आदीच सांगाचं नं बाबाजी."

९ जानेवारी
जिभेवर पांढरे. दह्याच्या कवडीसारखे, पुसले तर खाली लाल. फॅमिली डॉक्टर म्हणाले बुरशी, अँटिबायोटिकनंतर होते. क्लोट्रिमाझोलचे थेंब. कवळीही स्वच्छ ठेवा, बुरशी तिथेच लपते.
कवळी आता रात्री वाटीत, पाण्यात. सकाळी वेगळ्या ब्रशने, साध्या साबणाने. पेस्टने तिला ओरखडे पडतात.

१० जानेवारी
हिचे झाल्यावर बॅटरी हातातच होती. आरशासमोर उभा राहून स्वतःच्या गालात पाडली. गुलाबी असायला हवे म्हणतात.
बॅटरी विझवली.

१४ जानेवारी
संक्रांत. तीळ वर्ज्य. एक तीळ उजव्या गालात गेला की शोधायला पंधरा मिनिटे. गूळ पाण्यात विरघळवून अर्धा चमचा. जिभेने चाटला, ओठाला लागलेला डाव्या बाजूने पुसला. गोड खाल्ल्यावर घासणे, मग तक्ता.

१७ जानेवारी
बायका हळदीकुंकवाला येणार, हे हिला कुठून कळले देव जाणे. सकाळपासून वाटीतल्या कवळीकडे बोट. चेहऱ्याची उजवी बाजू उतरलेली, कवळी सैल. सिस्टरने बजावून ठेवलेले, एवढीशी कवळी निसटली तर घशात जाऊन अडकते.
थोरलीने तोड काढली. बायका येतील तेवढा वेळ बसवायची, खायला काही द्यायचे नाही, थोरली शेजारी बसणार.
हिने पदर सारखा केला. कवळी लावून भिंतीवरच्या आरशात पाहिले. बायका आल्या तेव्हा हसली. एका बाजूने, पण दात दिसतील असे.
गेल्यावर स्वतःच काढून माझ्या हातात ठेवली.

१९ जानेवारी
उजवा जबडा सुजला. हलणारी दाढ. हात लावू देत नाही.

२१ जानेवारी
नागपूर. शासकीय दंत महाविद्यालय. थोरलीचे यजमान गाडी घेऊन. माथनीच्या टोलला रांग, तेवढ्यात हिचा डोळा लागला.
भिंतीवर स्वच्छ मुख अभियानाचे पोस्टर, सचिन तेंडुलकर. हिने बोट दाखवले. ओळखते.
मोठ्या मॅडम सावकाश बोलतात. हिला विचारतात, मला नाही. "दुखतंय? इथे? हो असेल तर माझा हात दाबा." हिने दाबला.
एक्स-रे. मुळाशी पू. दाढेला वरून छिद्र करून पू काढला. काढायची आहे, पण आज नाही. झटक्याला दोन महिनेही झाले नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांचे पत्र आणा. रक्त पातळ करायची गोळी बंद करू नका, हेही पुन्हा.
मग हिरड्या पाहिल्या. "बी.पी.ची गोळी कोणती?" ॲम्लोडिपिन. "काही जणांच्या हिरड्या त्याने वाढतात. तोंड अस्वच्छ असेल तर जास्त. डॉक्टरांना दुसरी देता येते का विचारा."
दातांवरचा कीट काढला. थोडा. उरलेला पुढच्या खेपेस. ०.२ टक्क्यांचे क्लोरहेक्सिडिन दिले, गुळण्या नाहीत, गॉजला लावून पुसायचे. पेस्ट अन् ते यात अर्धा तास जाऊ द्यायचा.
परतताना मी वाटेत उतरलो. पाणी घ्यायला म्हणालो.

२४ जानेवारी
साडेदहानंतर. हिला खुर्चीत बसवले होते, ब्रश तोंडात. खिडकीच्या काचा वाजल्या, मग आवाज. भूकंप नाही. तो आवाज मला माहीत आहे.
हिने माझे मनगट धरले. डाव्या हाताने. सुटेना.
फॅक्टरीत स्फोट. एलटीपी सेक्शनचे छत कोसळले म्हणतात. रुग्णवाहिकांचा आवाज दिवसभर. गेटपाशी गेलो, गर्दी. आतल्यांची नावे कोणी सांगत नाही. ओळखीची पोरे भिंतीला टेकून बसलेली.
दुपारचे, रात्रीचे, तक्ता रिकामा.

२५ जानेवारी
आठ गेले.
सकाळी हिनेच ब्रश उचलून माझ्या पुढे धरला.

२७ जानेवारी
माणसे बसायला येतात. बोलणे एकच. मी नोकरीला लागलो तेव्हा नायट्रोग्लिसरीनने पहिले काही दिवस डोके फुटायचे. मग सवय व्हायची. सुटीवरून आले की सोमवारी पुन्हा तेच. जुने लोक हसायचे. हृदयाच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळीही त्याचीच, हे मला नंतर कळले.
हिच्या हातात कप. चहा साय काढून, थंड करून. ठसका नाही.

२ फेब्रुवारी
नवे प्रकरण. हिला स्वतः घासायचे आहे.
डाव्या हाताने बारीक दांडी धरता येत नाही. सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी मूठ आणली, ब्रशच्या दांडीवर चढवली. आत कापड कोंबले. घट्ट बसली. दुकानदार म्हणाला, "एकच? सायकलला दोन लागतात जी."

३ फेब्रुवारी
तिने डावी बाजू घासली. तीच, तीच, तीच. उजवी नाहीच. मी ब्रश मागितला. दिला नाही.

५ फेब्रुवारी
थेरपीची मुलगी: आरसा समोर ठेवा, उजवी बाजू दाखवा, सांगू नका. शेवटचे दोन हात तुम्ही मारा, पण त्यांना विचारून.
विचारले. मान हलवली. आडवी. मग उभी.

८ फेब्रुवारी
बी.पी.ची गोळी बदलली.
तोंड कोरडे पडते. गोळ्यांमुळे असेल म्हणाले. ओठांना व्हॅसलीन, दर तासाला ओले गॉज.

१२ फेब्रुवारी
"नको" म्हणाली. स्पष्ट. ब्रशला नाही, पेजेला.
आलूची भाजी घोटून, सांबार म्हणजे कोथिंबीर बारीक चिरून. खाल्ली. सांबार गालात चिकटला. हिरवा रंग बॅटरीत लगेच दिसतो, ते बरे.

१५ फेब्रुवारी
परसात शेजारणीबरोबर बसलेली. दोघींच्या बोटांना काळे. दारात थांबलो. शेजारणीने बोट पदराला पुसले. हिने नाही पुसले. माझ्याकडे पाहत दातांवर फिरवले.

१६ फेब्रुवारी
बोललो नाही. तीही नाही.

१९ फेब्रुवारी
शेजारणीशी बोललो. तिला म्हटले, दुसरा झटका आला तर पाणी पाजायला तूच येशील. रागावून नाही म्हटले. तिने डबी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "अन् तुमची?"

२० फेब्रुवारी
थोरलीने गुडाखूऐवजी भाजलेली बडीशेप कुटून दिली. हिने बोटाने दातांवर लावून पाहिली. थुंकली. दुपारी पुन्हा मागितली.

२६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. उपास नको म्हटले तरी साबुदाणा हवाच. खीर केली, दाणे पूर्ण विरघळेपर्यंत. त्यातही गालात चिकटपणा राहिला. हिने आरशात पाहून स्वतः काढला. उजव्या बाजूचा. कोणी न सांगता.
तक्त्यावर सहीच्या जागी तिने डाव्या हाताने रेघ ओढली. वाकडी. आज त्या खान्यात माझी सही नाही.

१ मार्च
शर्ट धुवायला टाकताना हिने खिसा चाचपला. खर्र्याची पन्नी काढली. खाटेवर ठेवली. माझ्याकडे बोट, मग उकिरड्याकडे बोट.
बाई हसत होती.

३ मार्च
मेंदूच्या डॉक्टरांचे पत्र मिळाले. दाढ काढता येईल. गोळी चालूच. बी.पी. आटोक्यात असेल तरच. एका वेळी एकच दाढ.

६ मार्च
डेंटल. सकाळची पहिली वेळ. बी.पी. १३८/८४. मॅडम म्हणाल्या, चालेल.
मला आत येऊ दिले. खुर्ची पूर्ण आडवी केली नाही, हिला अर्धवट बसवूनच. पाणी ओढणारी नळी तोंडात सतत. मॅडम प्रत्येक वेळी आधी सांगत, "आता टोचणार. आता दाबणार. हात वर केला की मी थांबणार." हिने एकदा हात वर केला. थांबल्या. खरोखर थांबल्या.
दाढ निघाली. मुळाला काळे. टाके दोन.
गॉज चावून धरायला सांगितले. उजवीकडे जोर नाही, जबडा सुटतो. मी बाहेरच्या बाकावर हिची हनुवटी तळहातावर घेऊन बसलो. माणसे ये-जा करत होती. एक पोरगी थांबून पाहत राहिली, आईने ओढून नेली. पाऊण तासाने गॉज काढला, फिकट गुलाबी. मॅडम म्हणाल्या, उत्तम.
आज थुंकायचे नाही, गरम नाही. उद्यापासून बाकीचे दात नेहमीसारखे घासायचे. जखमेच्या बाजूने जपून, पण घासायचे.
दाढ मी मागितली नाही. हिने मागितली. कागदात बांधून दिली.

७ मार्च
उशीवर डाग नाही.

१० मार्च
दाढ कुठे ठेवली, विचारले. "नको," म्हणाली. म्हणजे विचारू नको.

१४ मार्च
धुळवड. हिला कालचे पुरण, पोळीशिवाय, तुपात. मला पुरणातले जायफळसुद्धा झोंबले. घास घेताना तोंड पुरते उघडत नाही, पोळीची घडी लहान करावी लागते. थोरलीने पाहिले. बोलली नाही, पण पाहिले.
रंग लावायला आलेल्या पोरांना हिने डावा गाल पुढे केला. मग उजवाही.

१८ मार्च
डेंटल. टाक्यांची जागा भरली. कवळी सैल होती, आतून भर घालून बसवली. आता बोलताना हलत नाही. तरी झोपताना काढायचीच.
निघताना थोरली मॅडमना म्हणाली, "एकदा बाबांचंही पाहता का?" घरून ठरवून आली होती.
इंटर्न मुलगा. "काका, तोंड उघडा. पूर्ण." उघडले. "पूर्ण." तेवढेच.
"तुमची बोटे उभी घाला." तीन जायला हवीत. दोन गेली.
"तिखट झोंबते?"
"कधीपासून खर्रा?"
"कोणत्या गालात धरता?"
उजव्या.
आरसा हातात दिला. गाल आतून पांढुरका, बोट लावले तर दोऱ्यांसारखे ताठ. सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीने होतो. तंबाखू सोडून नुसती सुपारी खाणाऱ्यालाही होतो. पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो, होईलच असे नाही. एका ठिकाणी जखम दिसते, तिथला छोटा तुकडा काढून तपासू. आजच काढला. एक टाका.
ही चाकाच्या खुर्चीत, दाराशी. सगळे ऐकत होती.

१९ मार्च
विदर्भात अशी तोंडे रोज येतात म्हणाला तो मुलगा. विशी-पंचविशीची पोरे, ज्यांना एक बोट जात नाही. गुटख्यावर २०१२ पासून बंदी. खर्रा ठेल्यावर समोर घोटून मिळतो.

२० मार्च
सकाळी हिचे ब्रश झाले. बॅटरी मी ठेवत होतो, तिने घेतली.
"आ."
उघडले. बराच वेळ पाहिले. उजवीकडे पाडली, डावीकडे पाडली. मग माझा ब्रश दाखवला.

२१ मार्च
पेट्रोलपंपाच्या बाजूने गेलो नाही. लांबून, परसोडीच्या रस्त्याने फिरलो. डोके दुखले. दुपारी हात थरथरले. चिडचिड. बाईवर ओरडलो.

२२ मार्च
आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, जबडा ताणायचा, थोडा वेळ धरायचे. जमले की एक वाढवायची. थोरलीने गठ्ठा आणला. तिच्या पोराने विचारले, आजोबा, आइस्क्रीम कुठंय.

२४ मार्च
बडीशेपची डबी दोघांत एकच. संपली. मी संपवली.

२६ मार्च
तक्त्याला नवा खाना. हिनेच बोटाने जागा दाखवली. वर लिहिले: काड्या. हिची रेघ आता सरळ येते. माझ्या खान्यात तीच रेघ ओढते, मी केले की नाही ते पाहून. काल केले नव्हते. काल जागा कोरी आहे.

२८ मार्च
जुना सोबती भेटला. खिशातून पन्नी काढून पुढे केली. नको म्हटले. "काऊन, उपास हाय का?" हो म्हटले. सोपे पडले. घरी येईपर्यंत जीभ गालात फिरत होती.

३० मार्च
पाडवा. गुढी थोरलीने उभारली. कडुलिंबाचे पान वाटून, चिंच-गुळात. हिला चमच्याच्या टोकावर. तोंड वेडेवाकडे केले, दोन्ही बाजूंनी. थोरली ओरडली, "बाबा, उजवी बाजू हलली!" पुन्हा करून दाखव म्हटले. केले नाही.
मला कडू झोंबले नाही. तिखटच झोंबते.

२ एप्रिल
डेंटलमधून फोन. रिपोर्ट आला आहे, सोमवारी या. फोनवर काही सांगत नाहीत. तसा नियम आहे म्हणाले.

४ एप्रिल
ऊन वाढले. हिला दिवसातून जास्त वेळा ओले गॉज. "पाणी" म्हणाली आज. आधी पेला दाखवायची.
रात्री झोप नाही. काड्या केल्या. एक वाढली.

५ एप्रिल
मुलगा पुण्याहून येतो म्हणाला. ये म्हटले. रजा कशाला घालवतोस, असे नेहमी म्हणतो, ते आज म्हटले नाही.

६ एप्रिल
रामनवमी. देवळात गेलो नाही, लाउडस्पीकर घरीच ऐकू येतो.
उद्याची तयारी. गाडी साडेसहाला. हिचा मऊ भात डब्यात, माझी बिनमिरचीची भाजी. हिच्या गोळ्या, बी.पी.ची वही, कवळीची डबी, मूठवाला ब्रश, गॉज, बॅटरी. माझ्या काड्या.
हिचे कार्ड अन् माझे कार्ड एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी हिने खाटेवर स्वतःकडे ठेवली आहे, मला देत नाही. मॅडमना विचारायचे: हिची खालची मागची जागा अजून दुखते का ते पाहा; क्लोरहेक्सिडिनने दात तपकिरी पडले, किती दिवस चालू ठेवायचे; चूळ भरायला आता चालेल का. माझे काय विचारायचे ते लिहीत होतो. हिने पेन घेतला अन् त्याखाली एक रेघ ओढली. म्हणजे ते ती विचारणार.